पावसात नाहीसे होणारे गवत : मालवण तालुक्यातील एका खाडीच्या प्रकल्प नोंदी

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

उद्या कार्तिकी पौर्णिमा असल्याने आज पाणी चांगले उतरले. ओहोटी दुपारी सव्वाचारच्या सुमारास पूर्ण झाली आणि त्यानंतर जेमतेम पाऊण तास आम्हाला चिखलावर काम करता आले. खाडीच्या उत्तर काठाला, तिवरांच्या श्वसनमुळांच्या पुढे जी मऊ सपाटी उघडी पडते, तिच्यावर सागरी गवत वाढते हे आम्हाला कोणत्याही नकाशावरून कळलेले नाही. गेल्या वर्षी कांदळवनाची मोजणी करताना तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला आलेल्या एका मावशींनी पायाखालची बारीक हिरवी पाती दाखवली आणि म्हटले, “ह्या गवात पावसात जाता आणि दिवाळेमागून परत येता.” ते वाक्य मी तेव्हा वहीच्या समासात लिहून ठेवले होते. या प्रकल्पाची सुरुवात त्या समासातून झाली, म्हणून ते इथे पहिल्याच नोंदीत उतरवून घेते.

वनस्पती हॅलोफिला बेक्कारी आहे याबद्दल शंका नाही. चिखलाखालून जाणारे दोऱ्यासारखे आडवे खोड, त्यावर बोटाच्या पेराएवढे उभे देठ आणि प्रत्येक देठाच्या टोकाला सहा ते दहा पानांचा झुबका अशी तिची ठेवण असते. पान साधारण एक सेंटीमीटर लांब आणि एक-दोन मिलिमीटर रुंद असते. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने आशेरसन यांनी १८७१ साली तिचे वर्णन केले. आपल्याकडे राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या जगताप आणि उंटवाले यांनी गोव्यातील मांडवीच्या खाडीतल्या याच गवताचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर ते आहे हे अभ्यासकांना चार दशके ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जाती असुरक्षित गटात मोडते.

आज सोबत आलेल्या दोन्ही विद्यार्थ्यांनी हे शेवाळच असल्याचे आधी गृहीत धरले होते, म्हणून एक झुबका अलगद मोकळा करून मी त्यांना मुळे दाखवली. शेवाळाला खरी मुळे नसतात आणि फुलेही येत नाहीत. सागरी गवत मात्र भाताप्रमाणे सपुष्प वनस्पती आहे, त्याला मुळे, खोड आणि पानात शिरा असतात, आणि पाण्यातच त्याचे परागण होते. हा भेद पुढच्या सगळ्या मोजणीचा पाया असल्यामुळे पहिला दिवस त्यावर घालवला याचे मला वाईट वाटत नाही.

खाडीचे नाव आणि अक्षांश-रेखांश या नोंदींत लिहिणार नाही. पट्टा इतका लहान आहे की हौसेने पाहायला आलेल्या वीस माणसांच्या पायांनी तो एका ओहोटीत मोडेल. नेमके स्थान ग्रामपंचायतीला आणि वनविभागाला कळवले आहे.

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार

काल मार्गशीर्ष अमावास्या झाली. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर उधाणाची खोल ओहोटी संध्याकाळी येते, त्यामुळे पाणी पुरते उतरेपर्यंत साडेपाच वाजले आणि सूर्य मावळायला तासापेक्षा कमी वेळ उरला. पुढच्या प्रत्येक फेरीचे नियोजन या एका अडचणीभोवती करावे लागणार आहे. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते अशा, दिवसांत तर पट्टा उघडाच पडत नाही, म्हणजे महिन्यात कामाचे दिवस मोजून सात-आठ मिळतात.

जगभर वापरली जाणारी सीग्रास-वॉच पद्धत १९९८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये सुरू झाली. तीत पन्नास मीटरच्या तीन समांतर रेषा पंचवीस-पंचवीस मीटर अंतरावर आखतात आणि प्रत्येक रेषेवर दर पाच मीटरला अर्धा मीटर बाजूची चौकट ठेवून, एकूण तेहतीस चौकटींत गवताने व्यापलेला भाग टक्केवारीत नोंदवतात. त्याबरोबर पात्यांची उंची, चिखलाचा पोत, शेवाळाचे प्रमाण आणि चौकटीचा वरून घेतलेला फोटो अशी नोंद होते. आमचा पट्टा काठाला धरून अरुंद पसरला आहे आणि त्याची रुंदी काही ठिकाणी चार पावलेसुद्धा भरत नाही, त्यामुळे पंचवीस मीटर अंतर ठेवले असते तर दोन रेषा पाण्यात गेल्या असत्या. आम्ही तिन्ही रेषा काठाला समांतर ठेवल्या, त्यांच्यातले अंतर दीड मीटर केले आणि चौकटींची संख्या मात्र तेहतीसच राखली. हा बदल मूळ पद्धतीपेक्षा वेगळा असल्याचे अहवालात स्पष्ट लिहायचे आहे, कारण आमच्या आकड्यांची तुलना उद्या कोणी दुसऱ्या किनाऱ्याशी केली तर ती जपून करावी लागेल.

चौकट पीव्हीसी नळीची आहे. आत दोरे ओवून तिचे पंचवीस घर केले आहेत. तरीही पहिल्या दहा चौकटींत दोघा विद्यार्थ्यांचे अंदाज इतके वेगळे आले की काम थांबवावे लागले. एकाने पात्यांची दाटी पाहून टक्के लावले होते, तर दुसरीने वरून पाहिल्यावर झाकली जाणारी जमीन पाहून. मोजायचे असते ते झाकलेल्या जमिनीचे प्रमाण. आम्ही तीन नमुना चौकटींचे फोटो ठरवून त्यांच्यावर टक्के लिहिले, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चौकटीला बांधले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. अंधार पडेपर्यंत दोनच रेषा झाल्या. तिसरी उद्या.

एक चूक माझ्याकडून झाली. मोजणी करताना आम्ही रेषेच्या दोन्ही बाजूंना उभे होतो आणि परत फिरताना पाहिले तर आमच्याच पायांचे गुडघाभर खड्डे पट्ट्यात पडले होते. त्या खड्ड्यांतले गवत चिखलाखाली गेले. उद्यापासून फणसाच्या दोन फळ्या घेऊन जाणार आहोत आणि त्या फक्त पाण्याकडच्या बाजूला, गवत नसलेल्या चिखलावर टाकणार आहोत.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

पट्ट्याची कड मोजण्याचा आज दुसरा प्रयत्न केला. हातातल्या जीपीएस यंत्राची चूक उघड्या जागी तीन ते पाच मीटर असते आणि पट्टाच काही ठिकाणी त्याहून अरुंद आहे. मागच्या खेपेला यंत्राने काढलेली कड कागदावर आणली तेव्हा पाण्याकडची रेषा काठाकडच्या रेषेला दोनदा छेदून गेली होती. म्हणून आज जुन्या पद्धतीने काम केले. काठावरच्या जांभ्याच्या जुन्या गडग्याचा कोपरा आणि दोन मोठ्या चिपींची (कांदळवनातल्या झाडांची) खोडे या तीन खुणा पक्क्या धरल्या, तिथून टेप ताणला, होकायंत्राने दिशा घेतली आणि दर दोन मीटरला कडेचे अंतर लिहिले. होडी घेऊन आलेल्या काकांनी टेपचे दुसरे टोक धरले. त्यांनी अंतर ओरडून सांगायचे, मी ते परत उच्चारायचे आणि मगच विद्यार्थिनीने लिहायचे, असा क्रम ठेवल्यामुळे आज एकही आकडा खोडावा लागला नाही.

उपग्रहाच्या चित्रांबद्दल मला वारंवार विचारले जाते, म्हणून तेही इथे नोंदवते. विनामूल्य मिळणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका जमिनीवरचा दहा मीटर बाजूचा चौरस असतो आणि लँडसॅटच्या चित्रात तीस मीटर बाजूचा. आमचा पट्टा अशा ठिपक्यात चिखल, पाणी आणि तिवर यांच्यासोबत मिसळून जातो. शिवाय खाडीचे पाणी गढूळ असल्याने भरतीच्या वेळी घेतलेल्या चित्रात काहीच दिसत नाही, आणि उपग्रह डोक्यावरून जाण्याची वेळ ओहोटीशी जुळेलच असे नाही. ड्रोनने घेतलेले चित्र बारीक असते, पण हिवाळ्यात चिखलावर पसरणारे हिरवे तंतुमय शेवाळ वरून अगदी या गवतासारखे दिसते. आज ज्या दोन जागा काकांच्या मोबाइलमधल्या उंचावरून घेतलेल्या फोटोत गवताच्या वाटल्या होत्या, त्यांतली एक शेवाळाची निघाली. तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतच्या पाल्कच्या उपसागरातील मोठी कुरणे उपग्रहाने मोजता येतात. आमच्यासारख्या खाड्यांतले गवत मात्र चिखलात उतरून, हाताने चाचपून मोजले नाही तर कोणत्याही नकाशावर येत नाही, आणि कोकणातल्या आणखी किती खाड्यांत ते असेच नोंदीवाचून राहिले असेल याचा विचार मला अस्वस्थ करतो.

१८ मार्च २०२४, सोमवार

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, मनोऱ्याजवळच्या किनाऱ्यावर चार दिवस प्रशिक्षणासाठी आले आहे. सरफोजीराजे भोसले यांनी नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला हा सहाकोनी मनोरा आहे, आणि त्याच्या समोर पसरलेल्या उथळ समुद्रात भारतातील सर्वांत मोठ्या सागरी गवताच्या कुरणांपैकी एक आहे. २१ सप्टेंबर २०२२ रोजी तमिळनाडू सरकारने इथे पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. त्यात १२,२५० हेक्टर गवताची कुरणे असल्याचे सरकारी माहितीत म्हटले आहे. डुगाँग हा सस्तन प्राणी जवळजवळ पूर्णपणे या गवतावर जगतो. इथले मच्छीमार त्याला कडल पसू, म्हणजे समुद्रगाय, म्हणतात. जाळ्यात सापडलेला डुगाँग जिवंत सोडून देणाऱ्या मच्छीमाराला इथे बक्षीस दिले जाते, आणि ज्यांच्या जाळ्याचे नुकसान होणार त्यांनाच राखणदार मानण्याची ही रीत मला योग्य वाटली.

आज कंबरभर पाण्यात उभे राहून पाहिलेले गवत आमच्या गवतासारखे सागरी गवतच असले तरी डोळ्यांना ते दुसरेच काही वाटते. एनहॅलसची पाती माझ्या हाताहून लांब होती आणि सिमोडोसीयाची कुरणे नजर पोचेल तिथपर्यंत होती. तळ उकरणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांनी जिथे ती फाटली आहेत तिथे बांबूच्या चौकटीला काथ्याच्या दोरीने गवताचे कोंब बांधून त्या चौकटी तळावर ठेवतात. काही काळाने दोरी व बांबू कुजून जातात आणि मुळे तळ धरतात. प्लॅस्टिक अजिबात वापरत नाहीत.

ही पद्धत आमच्या खाडीत आणण्याचा मोह मला झाला होता, तो आज मी सोडला. इथल्या जाती वर्षानुवर्षे टिकणाऱ्या जाड खोडाच्या आहेत. आमचे गवत काही महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून जाणारे आहे. त्याचे भांडवल चिखलाच्या वरच्या थरातल्या बियांत आहे, आणि लावणीसाठी तोच चिखल उकरला तर आम्ही जे वाचवायला निघालो तेच खणून काढू. आमच्याकडे लावणीची गरज नाही. चिखल जिथे आहे तिथे, जसा आहे तसा राहू देणे एवढीच गरज आहे.

१० एप्रिल २०२४, बुधवार

आज मोजणी नाही, तरीही ही नोंद सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

खाडीच्या याच काठाला लहान जेट्टी आणि तिथवर जाणारा भरावाचा रस्ता करण्याचा प्रस्ताव असल्याचे गावात काही महिन्यांपासून बोलले जात होते. त्यासाठी एका सल्लागार संस्थेने तयार केलेला पर्यावरणविषयक अहवाल आज वाचायला मिळाला. त्यात कांदळवनाची नोंद आहे, पक्ष्यांची यादी आहे, आणि सागरी गवताबद्दल एकच ओळ आहे : प्रकल्पक्षेत्रात सागरी गवत आढळले नाही. पाहणीच्या तारखा परिशिष्टात दिल्या आहेत. त्या जुलैतल्या आहेत.

संध्याकाळभर मी या ओळीचा विचार करत होते. तिचा राग येणे सोपे आहे, परंतु ती ओळ खोटी नाही. जुलैमध्ये त्या जागी मी गेले असते आणि मावशींचे वाक्य मला ठाऊक नसते, तर मीही तेच लिहिले असते. दोष एका ओळीपुरता नाही. कोणती वनस्पती कोणत्या ऋतूत शोधायची हे न ठरवता केलेल्या पाहणीतून “आढळले नाही” असे निघते, आणि पुढच्या कागदावर जाईपर्यंत त्याचे “नाही” होते.

कायद्यात या गवताला जागा आहे. २०११ च्या आणि त्यानंतर १८ जानेवारी २०१९ रोजी आलेल्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलाच्या सपाट्या, कासवांच्या विणीच्या जागा यांच्याबरोबर सागरी गवताचे पट्टेही सर्वांत संवेदनशील अशा पहिल्या ‘अ’ वर्गात घातलेले आहेत. म्हणजे संरक्षण मागण्यासाठी नवा कायदा नको. पट्टा तिथे आहे एवढेच सिद्ध करायचे आहे, आणि जो पट्टा वर्षातले काही महिने नसतो तो “आहे” हे कसे सिद्ध करायचे, हा आता या प्रकल्पाचा मुख्य प्रश्न झाला आहे.

म्हणून आराखडा बदलला. मूळ योजनेत मेअखेर काम संपणार होते. आता आम्ही पावसाळाभर, काही दिसत नसतानाही, त्याच खुणांवर त्याच रेषा टाकणार आहोत आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत मोजत राहणार आहोत. त्यासाठी पैसे नाहीत. होडीच्या भाड्याबद्दल काकांशी बोलले, तर त्यांनी डिझेलपुरते द्या म्हणून सांगितले.

१० मे २०२४, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

खोल ओहोटी आता पहाटे येते. सहाच्या सुमारास चिखलावर उतरलो आणि नऊपर्यंत काम केले. वरच्या कडेचे गवत उन्हाने तपकिरी पडले आहे, खालच्या अर्ध्या भागात मात्र ते अजून दाट आहे. झुबक्यांच्या तळाशी बारीक फळे धरली आहेत. भिंगाखाली काही फळे उघडून आतले बी वेगळे केले. ते खसखशीच्या दाण्याएवढे आणि गोलसर आहे. पावसाळ्यात चिखल गाळल्यावर जे दाणे मिळतील ते याच गवताचे आहेत की नाहीत हे ठरवताना उपयोगी पडावे म्हणून हे बी कुपीत घालून, तारीख लिहून ठेवले आहे.

मोजणी झाल्यावर तिसऱ्या काढणाऱ्या सात जणींशी गडग्यावर बसून बोलणे झाले. या पट्ट्यात हाताने आणि खुरप्याने चिखल उकरला जातो हे आम्ही दोघांनीही, म्हणजे त्यांनी आणि मी, आजवर टाळलेले बोलणे होते. मी बंदी मागायला आले आहे अशी त्यांची समजूत होती. जेट्टीच्या भरावाने जे जाईल त्याच्यापुढे खुरप्याने होणारे नुकसान काहीच नाही, हे मला आधी स्पष्ट सांगावेसे वाटले आणि मी तसे सांगितले. त्यानंतर बोलणे मोकळे झाले. गवतात सुंगटाची (कोळंबीची) पिल्ले असतात, कुर्ल्यांची पिल्ले लपतात, हे मला मोजून सिद्ध करायचे होते. त्यांनी ते वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. त्यांतल्या सर्वांत वयस्क मावशी म्हणाल्या की गवत नुकते येते तेव्हा त्या जागी तिसऱ्या बारीकच असतात, त्यामुळे दिवाळीपासून पौषापर्यंत तिथे उकरून तसाही उपयोग नसतो. तेवढ्या दिवसांत वरच्या वळणाकडे जायचे असे त्यांनीच आपसांत ठरवले. मी फक्त ऐकून लिहिले.

८ जून २०२४, शनिवार

पाऊस सुरू झाला. पाणी लाल झाले आहे. तीनही पक्क्या खुणांना रंग दिला आणि गडग्याच्या कोपऱ्यात खिळा ठोकला, जेणेकरून पुराने तिवरांचा काठ खचला तरी एक खूण शिल्लक राहील.

७ जुलै २०२४, रविवार

परवा अमावास्या होती. पहाटे पाऊस थांबल्यावर उतरलो. तिन्ही रेषा टाकल्या आणि तेहतीस चौकटी ठेवल्या. तेहतीसही चौकटींत गवत शून्य आहे. प्रत्येक शून्य स्वतंत्रपणे लिहिले आणि प्रत्येक चौकटीचा फोटो घेतला. विद्यार्थिनीने विचारले की सगळीकडे शून्य आहे तर एकदाच का लिहू नये. मी तिला सल्लागाराच्या अहवालातली ती ओळ दाखवली. न पाहिलेली जागा आणि पाहून रिकामी आढळलेली जागा कागदावर सारखीच दिसते, म्हणून आपले शून्य कुठे, कधी आणि कसे पाहिले याचा पुरावा त्याच्यासोबत असला पाहिजे.

पाण्याची क्षारता जवळजवळ गोड्या पाण्याइतकी खाली आली आहे. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण पस्तीस भाग क्षार असतात, आणि जानेवारीत आमच्या पट्ट्यावरचे पाणी त्याच्या जवळ होते. पारदर्शकता मोजायची पांढरी-काळी तबकडी हातभर खाली जाण्याआधीच दिसेनाशी झाली. गोडे पाणी आणि उजेडाचा अभाव ही दोन्ही कारणे एकदमच येत असल्याने गवत नेमके कशाने जाते हे या मोजणीतून वेगळे करता येणार नाही, आणि तसा दावा आम्ही करणार नाही.

नंतर दर तिसऱ्या चौकटीजवळ नळी दाबून वरच्या चार बोटांच्या थराचा चिखल काढला. एकूण अकरा नमुने झाले. घरी आल्यावर ते बारीक चाळणीत सावकाश धुतले. अकरांपैकी सात नमुन्यांत दाणे मिळाले. मेमध्ये फळांतून काढलेल्या बियांशी भिंगाखाली ते ताडून पाहिले : आकार तोच, गोलाई तीच. रात्रीचे साडेदहा वाजले होते, आणि खरे सांगायचे तर त्या दाण्यांकडे पाहताना मला भरून आले.

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार

ध्वजवंदनानंतरच्या ग्रामसभेत विषय घेतला गेला. लोक-जैवविविधता नोंदवहीत या गवताची नोंद करावी आणि भरावाच्या रस्त्याची जागा बदलण्याची मागणी गावाने करावी, असा ठराव मांडला. जैवविविधता कायदा २००२ चा असून त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि नोंदवही असणे अपेक्षित आहे. आमच्या गावात नोंदवही आहे, पण तीत खाडीच्या पाण्याखालचे काहीच नव्हते.

एका सदस्याने सरळ विचारले की गवत आहे तर आत्ता चला आणि दाखवा. त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण जेट्टी झाली तर होड्या लावायला सोय होणार आहे आणि ती सोय गावालाच हवी आहे. मी काचेच्या बशीत ठेवलेले जुलैतले दाणे आणि भिंग पुढे केले, शेजारी जानेवारीतल्या आणि जुलैतल्या त्याच चौकटीचे फोटो ठेवले. दहा-बारा जणांनी वाकून पाहिले. तेवढ्यात मागून मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भात कापल्यार कुणग्यात काय ऱ्हवता? म्हणान ती जमीन पडीक म्हणतास काय?” कापणीनंतरचा रिकामा कुणगा या सभेतल्या प्रत्येकाला माहीत होता. मी तासभर मांडलेले त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

ठराव मंजूर झाला. त्यात जेट्टीला विरोध नाही. ती पुढच्या वळणावर, जिथे काठ खडकाळ आहे आणि चिखलाची सपाटी नाही, तिथे व्हावी असे म्हटले आहे. हे शब्द काकांनी आणि त्या सदस्यांनी मिळून सुचवले आणि मला ते माझ्या मसुद्यापेक्षा अधिक नेमके वाटतात.

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार

नारळी पौर्णिमेला दोन दिवस झाले. तेहतीस शून्ये. अकरापैकी सहा नमुन्यांत बी.

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार, घटस्थापना

अजून शून्य आहे, आणि या खेपेला मी काळजीत पडले. जोराच्या सरी अजून येत आहेत. वरच्या वळणाचा काठ खचल्यामुळे पट्ट्याच्या पूर्वेकडच्या भागावर वीतभर नवा गाळ बसला आहे. बी इतक्या खोल गेले तर त्याचा कोंब वर येईल की नाही हे आम्हाला पाहावे लागेल. नव्या गाळाची जाडी सहा ठिकाणी पट्टीने मोजून नोंदवली.

१८ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

काल पौर्णिमा होती. संध्याकाळी पाचनंतर पाणी उतरले आणि पश्चिमेच्या टोकाला, दुसऱ्या रेषेवरच्या तीन चौकटींत कोंब दिसले. ते इतके बारीक होते की फळीवर पालथे पडूनच मोजावे लागले. सर्वांत मोठ्या कोंबाला चार पाने होती. पूर्वेकडे, गाळ बसलेल्या भागात काहीच नाही. मावशींना सांगायला गेले तर त्यांना आदल्या दिवशीच ते दिसले होते.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज पूर्ण मोजणी झाली. तेहतीसपैकी एकवीस चौकटींत गवत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट कड मोजल्यावर कळली. पट्टा गेल्या वर्षीच्या जागी नाही. पूर्वेचा गाळाखालचा भाग रिकामाच राहिला आहे, आणि पश्चिमेला, गेल्या हिवाळ्यात जिथे नुसता चिखल होता अशा सुमारे वीस पावलांच्या लांबीवर नवे गवत आले आहे. रेषा स्थिर ठेवल्यामुळेच हे सरकणे नजरेस आले. पट्ट्याबरोबर रेषाही हलवल्या असत्या तर दोन्ही वर्षांचे आकडे सारखे आले असते आणि आम्ही निश्चिंत झालो असतो.

यावरून सादर करायच्या नकाशाबद्दलचा माझा विचार बदलला आहे. आतापर्यंत मी आज गवत असलेल्या जागेची कड आखून तेवढे क्षेत्र संरक्षित मागणार होते. आता दोन हिवाळ्यांच्या कडा एकावर एक ठेवून त्यांना सामावणारी बाहेरची रेषा काढली आहे, आणि तिच्या आत पावसाळ्यात ज्या नमुन्यांत बी मिळाले त्या जागा खुणेने दाखवल्या आहेत. संरक्षण हिरव्या पात्यांना मागून उपयोग नाही, ते बी धरून ठेवणाऱ्या संपूर्ण चिखलाला मागावे लागेल. क्षेत्र त्यामुळे वाढते आणि आक्षेपही वाढतील, पण पूर्वेचा रिकामा भाग वगळून नकाशा दिला तर उद्या गवत तिकडे परत येईल तेव्हा त्याच्यावर रस्ता असेल.

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

ग्रामसभेचा ठराव, दोन हिवाळ्यांची आणि मधल्या पावसाळ्याची मोजणी, चौकटींचे तारीखवार फोटो आणि बाहेरच्या रेषेचा नकाशा असे सर्व आज संबंधित कार्यालयात दाखल केले आणि पोच घेतली. मुखपृष्ठानंतरच्या पहिल्याच पानावर पाहणीच्या तारखा, त्या दिवसांच्या ओहोटीच्या वेळा आणि त्यांच्यासमोर गवत दिसले की नाही हे तक्त्यात दिले आहे, म्हणजे वाचणाऱ्याला परिशिष्ट उघडावे लागणार नाही. जुलैची आणि ऑगस्टची शून्येही त्यात आहेत. रस्त्याच्या आखणीबाबत उत्तर आलेले नाही.

परत येताना ओहोटी मिळाली म्हणून खाडीवर थांबले. मधल्या चिपीच्या खोडावरचा रंग उडाला होता, तो पुन्हा दिला. पूर्वेकडच्या गाळात, पाच क्रमांकाच्या चौकटीपाशी एक झुबका वर आला आहे. सहा पाने. पुढची मोजणी मार्गशीर्ष पौर्णिमेला.